ढगातले घर आणि त्याचे खण

कारंजा लाड या गावाच्या जुन्या चार वेशींची नावे आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांना पाठ असतील. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. गंमत अशी की यांपैकी एकाही वेशीला कुणा राजाचे वा सरदाराचे नाव दिलेले नाही. ज्या दरवाजातून बाहेर पडल्यावर वाट जिकडे जाते, तेच त्या दरवाजाचे नाव. दारव्ह्याला जायचे तर दारव्हा वेशीतून, मंगरूळपीरला जायचे तर मंगरूळ वेशीतून. नवखा गाडीवानसुद्धा नाव ऐकून वाट धरील इतका हा सरळ हिशेब आहे. जुन्या गावांची राखण अशीच होत असे. गावाभोवती कोट, कोटाला मोजके दरवाजे, प्रत्येक दरवाजाची वाट ठरलेली, आणि दिवेलागणीनंतर कोणाला आत घ्यायचे हेही ठरलेले.

हे आज आठवण्याचे कारण इतिहासाचे नाही, संगणकाचे आहे. गेल्या काही वर्षांत तुमची-आमची कागदपत्रे घरातल्या पत्र्याच्या पेटीतून उठून कुठेतरी दूर जाऊन बसली आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पतसंस्थेचे खाते, मुलांच्या गुणपत्रिका, दवाखान्यातले रक्ताचे अहवाल, धान्याच्या दुकानातला अंगठा यांतले फारच थोडे आता केवळ कागदावर उरले आहे. हे सगळे कुठे ठेवले आहे असे विचारले, की टेबलापलीकडचा तरुण सांगतो, “क्लाउडवर.” क्लाउड म्हणजे ढग. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो. ढगात म्हणजे चोराचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, अशी त्याची समजूत होते.

ही समजूत बरोबर नाही, आणि ती तशीच राहू देणे धोक्याचे आहे. कागद ढगात गेला म्हणून सुरक्षित होत नाही. तो कोणत्या खणात ठेवला आणि त्या खणाला दार कोणत्या बाजूला आहे, यावर त्याची सुरक्षितता ठरते. आणि ते दार कुठे असावे हे एकट्या संगणकवाल्याने ठरवायचे नसते. ते घरच्या कर्त्याने ठरवायचे असते. आजच्या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. पण ते नीट सांगायचे तर आधी ढगाचे घर कसे बांधतात ते पाहावे लागेल.

ढग जमिनीवरच असतो

विदर्भाला ढगाचे कौतुक जुने आहे. कालिदासाच्या यक्षाने ज्या डोंगरावरून मेघाला दूत करून पाठवले तो आपला रामटेकचा डोंगर, असे आपण अभिमानाने सांगतो. केंद्र सरकारलाही हाच मोह झाला असावा, कारण सरकारी क्लाउड योजनेचे नाव ‘मेघराज’ असे ठेवले गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाउडची सेवा सुरू झाली. नाव सुंदर असले तरी वस्तुस्थिती तितकी काव्यमय नाही. हा ढग म्हणजे भक्कम इमारती, त्यांत रांगेने उभी केलेली हजारो यंत्रे, ती तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारी थंड हवेची व्यवस्था आणि वीज गेली तर क्षणात सुरू होणारे जनरेटर. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे असे केंद्र सुरू केले. अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत केले. वाशीमच्या एखाद्या संस्थेचा हिशेब आज ‘ढगात’ असेल, तर तो बहुधा मुंबई-पुण्याच्या बाजूला एखाद्या थंडगार खोलीत आहे.

त्या इमारतीत एकाच वेळी शेकडो संस्थांचा संसार चाललेला असतो. मग आपले वेगळेपण कसे राखायचे? एक मार्ग असा की इमारतही आपली, यंत्रेही आपली. राज्य सरकारे आपली माहिती केंद्रे चालवतात ती याच पद्धतीने. पण तालुक्याच्या पतसंस्थेला किंवा वीस खाटांच्या दवाखान्याला ते झेपणारे नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. इमारत दुसऱ्याची, यंत्रे दुसऱ्याची, पण तिच्यात आपल्या नावाचा एक बंदिस्त वाडा. अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये ही सोय प्रथम दिली, आणि पुढे इतरांनीही दिली. हा वाडा विटामातीचा नसतो, नियमांचा असतो. कोणत्या यंत्राने कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये याचे नियम लिहून ठेवायचे, की झाल्या भिंती उभ्या. अशा वाड्याच्या आत जे वेगवेगळे भाग पाडतात त्यांना संगणकाच्या भाषेत ‘सबनेट’ म्हणतात. आपल्याकडे घराचे माप खणांत सांगण्याची रीत आहे. दोन खणी घर, पाच खणी घर. सबनेट म्हणजे ढगातल्या घराचा एक खण, असे समजले तर पुढचे सगळे सोपे होते.

दोन मालेगाव, दोन कारंजे

घर म्हटले की पत्ता आला. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, आणि तो चार आकड्यांचा असतो. उदाहरणार्थ, १०.२०.१.१५. प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंत. या हिशेबाने जगात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ही पद्धत ठरली त्या काळात हा आकडा कधी संपेल असे कुणाला वाटले नव्हते. पण संगणक घरोघरी आला, फोन हातोहाती आला, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले.

तोवर अभियंत्यांनी एक शहाणपणाची सोय करून ठेवली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांनी पत्त्यांचे तीन गट खासगी वापरासाठी बाजूला काढले. हे पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, पण घराबाहेर ते चालणार नाहीत. दहा या आकड्याने सुरू होणारा सर्वांत मोठा गट यातलाच. त्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते आहेत, आणि जगातल्या लाखो संस्था तेच पत्ते आपापल्या भिंतींच्या आत एकाच वेळी वापरतात.

हे कसे शक्य आहे, असे वाटेल. वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. रिसोडच्या बसस्थानकावर “मालेगाव” म्हटले की वाहक दुसरा प्रश्न विचारत नाही. आपल्या तालुक्याचे गाव त्याला माहीत असते. पण तेच नाव घेऊन तुम्ही मुंबईत उभे राहिलात, तर समोरचा तुम्हाला नाशिक जिल्ह्यात पाठवील. म्हणून आपले मालेगाव बाहेर ‘मालेगाव जहांगीर’ होते. तसेच आपले कारंजे लाड, आणि वर्धा जिल्ह्यातले घाडगे. घरात नुसते नाव पुरते, बाहेर पडताना ओळख जोडावी लागते. खासगी पत्त्यांचे नेमके असेच आहे.

आता यात एक खोच आहे आणि ती वाडा बांधण्याआधीच लक्षात घ्यावी लागते. उद्या दोन संस्था एकत्र आल्या, किंवा एकाच संस्थेच्या वाशीम आणि मानोरा शाखा थेट जोडायच्या ठरल्या, आणि दोघींनी आपापल्या घरात अगदी तेच पत्ते वापरलेले असले, तर निरोप कोणत्या मालेगावला न्यायचा हे यंत्राला कळत नाही. दुकानातून आणलेल्या वायफायच्या डब्यांत बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे ठरावीक पत्तेच येतात. ते तसेच ठेवून सगळ्यांनी घरे बांधली, की जोडणीच्या दिवशी एकाला आपले सगळे पत्ते बदलावे लागतात. म्हणून जाणता माणूस आधी कागदावर तक्ता आखतो. मुख्य कार्यालयाला हा पट्टा, शाखांना हे पट्टे, ढगातल्या वाड्याला हा वेगळा पट्टा, आणि पुढच्या दहा वर्षांसाठी हे दोन पट्टे राखीव.

ओसरी, माजघर आणि कोठी

तक्ता झाला की खण पाडायचे. समजा वाड्यासाठी १०.२० ने सुरू होणारा पट्टा घेतला. त्यात ६५,५३६ पत्ते बसतात. त्याचे २५६ पत्त्यांचा एक असे खण पाडता येतात. (त्यांतले पाच पत्ते अ‍ॅमेझॉनसारखा मालक स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतो, म्हणजे आपल्या हाती २५१ उरतात.) पतसंस्थेला एवढ्या जागेचे काय काम, असा प्रश्न येईल. खासगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, आणि खण एकदा पाडला की त्याचे माप बदलता येत नाही. तो मोडून नवा पाडावा लागतो. शहाणा माणूस घर बांधताना पुढच्या पिढीची खोली धरूनच पाया घालतो, तसेच हे.

आता कोणत्या खणात काय ठेवायचे? आपल्या आजीच्या घराची आठवण काढावी. पुढे ओसरी. तिथे वाटसरूही टेकतो, टपालवालाही येतो. तिच्या आत माजघर. तिथे घरची कामे चालतात आणि ओळखीची माणसेच येतात. आणि सर्वांत आत कोठी, जिथे वर्षाचे धान्य आणि घरातले किडुकमिडुक असते. कोठीचे दार माजघरात उघडते, रस्त्यावर कधीच नाही.

ढगातल्या घराचीही हीच रीत. संस्थेच्या संकेतस्थळाचे दार ठोठावणाऱ्याला सामोरे जाणारे यंत्र ओसरीत ठेवायचे. ज्या खणातून इंटरनेटकडे थेट वाट जाते त्याला ‘पब्लिक सबनेट’ म्हणतात. व्याजाची आकारणी करणारी, कर्जाचे हप्ते लावणारी यंत्रे माजघरात. तिथे इंटरनेटवरून थेट कुणी येऊ शकत नाही, फक्त ओसरीतले यंत्र निरोप पोचवते. आणि खातेदारांची नावे, शिल्लक, आधार क्रमांक यांची वही कोठीत. तिच्याशी फक्त माजघर बोलते.

माजघरातल्या यंत्रांना अधूनमधून बाहेरून काही आणावे लागते. आज्ञावलीची दुरुस्ती वगैरे. त्यासाठी मागच्या अंगाला एक वेगळे दार असते. घरचा माणूस त्यातून बाहेर जाऊन सामान घेऊन परत येऊ शकतो, पण बाहेरचा त्या दाराने आपणहून आत शिरू शकत नाही. याला ‘नॅट गेटवे’ म्हणतात. प्रत्येक खणाला एक वाटांचा तक्ता जोडलेला असतो, त्यात कुठे जायचे तर कोणत्या दारातून हे लिहिलेले असते. म्हणजे कारंजाच्या वेशींची नावेच म्हणा ना. कोठीच्या तक्त्यात बाहेरची वाट लिहायचीच नाही. जी वाट लिहिलेली नाही ती नाही. दारांवर रखवालदार असतात ते वेगळे. कोणत्या कामासाठी कोणाला सोडायचे याची यादी त्यांच्या हाती असते.

हे सगळे दोन ठिकाणी करायचे. मुंबईच्या केंद्रात एकमेकांपासून वेगळे ठेवलेले विभाग आहेत. एकातली वीज वा यंत्रे बंद पडली तरी दुसरा चालू राहावा म्हणून. ओसरी, माजघर, कोठी असे तीन खण दोन विभागांत, म्हणजे तीन दुणे सहा. मध्यम संस्थेच्या वाड्याचा आराखडा इतका साधा आहे. तो एका पानावर काढता येतो, आणि जो एका पानावर काढता येत नाही त्यात बहुधा काहीतरी चुकलेले असते.

आत भिंत नसली की

कुणी म्हणेल, बाहेरच्या दाराला चांगले कुलूप असले की पुरे. आतल्या भिंती कशाला? याचे उत्तर गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी दिले आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाचे संगणक बंद पडले. कुणीतरी आत शिरून माहितीला परके कुलूप घातले होते. देशभरातून आलेल्या रुग्णांच्या नोंदी, तपासण्या, बिले हे सगळे पुढचे जवळजवळ दोन आठवडे कागदावर, हाताने करावे लागले. डिसेंबरमध्ये सरकारने संसदेत जे कारण सांगितले ते प्रत्येक संस्थाचालकाने लिहून ठेवावे असे आहे. जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती म्हणून हे घडले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. आणि रुग्णालय पुन्हा उभे राहिले ते कशामुळे? एक जादा प्रत ज्या यंत्रावर होती, ते यंत्र या सपाट्यातून वाचले होते म्हणून.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका धक्क्याचे काम असेच ठप्प झाले होते. तो धक्का मर्स्क या डॅनिश समूहाकडे होता. विषाणू शिरला होता युक्रेनमध्ये, तिथल्या कर भरण्याच्या एका आज्ञावलीतून. पण समूहाच्या जाळ्यात आडव्या भिंती पुरेशा नव्हत्या, म्हणून तो देश ओलांडत आपल्या उंबऱ्यापर्यंत आला. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

आणि पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण तर मराठी सहकाराच्या घरातलेच. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. दोन दिवसांनी आणखी एक रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वी बँकेला विचारते, देऊ का? चोरांनी मध्येच एक बनावट जबाब देणारा बसवला. तो प्रत्येक प्रश्नाला ‘दे’ असेच म्हणत होता, आणि खरी बँक हा संवाद ऐकतच नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. अशी चोरी केवळ भिंतींनी थांबली असती असे मी म्हणणार नाही. पण कोणत्या यंत्राने कोणाशीच बोलावे हे घट्ट ठरलेले असेल, आणि त्याबाहेरचा नवा आवाज आला की घंटा वाजत असेल, तर चोराचे काम कठीण होते, आणि मुख्य म्हणजे लवकर कळते. उंदीर घरात शिरणारच असे धरून कणगीला चिखल लिंपणाऱ्या आपल्या आज्या या बाबतीत पुष्कळ व्यवहारी होत्या.

भिंत फुकट, दार विकतचे

माझे आयुष्य या जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेले. वाशीम अकोल्यात होते तेव्हापासून. १ जुलै १९९८ रोजी जिल्हा वेगळा झाला त्यानंतरही. संगणकाचा मी तज्ज्ञ नव्हे. पण ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली त्याच्याच हाती रोकडवही नसावी, हा लेखापरीक्षणाचा पहिला धडा, आणि सबनेटचा धडाही तोच आहे असे मला आढळले. म्हणून एका पतसंस्थेने आपला कारभार क्लाउडवर न्यायचे ठरवले तेव्हा संचालकांनी मलाही बैठकीला बसवून घेतले. संस्थेचे नाव सांगण्याची गरज नाही. तशा संस्था प्रत्येक तालुक्यात आहेत.

आराखडा करणारा मुलगा इथलाच, पुण्याला नोकरीला असलेला. हुशार आणि मनाचा सरळ. त्याने पडद्यावर नकाशा दाखवला. त्यात खातेदारांची वही ओसरीत होती, तिला इंटरनेटवरचा पत्ता दिलेला होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, “काका, काही अडलं तर मला पुण्याहून थेट बघता येतं. नाहीतर दर वेळी मधली वाट काढावी लागते. आणि तो नॅट गेटवे तासावर पैसे घेतो.”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. या व्यवहारातली गंमत अशी आहे की अ‍ॅमेझॉनच्या ढगात वाडा आणि त्याचे खण पाडायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते मागच्या दाराचे. तासावर आणि त्यातून जाणाऱ्या मालावर. भिंत फुकट आणि दार विकतचे. पण खरे कारण पैसे नव्हते, सोय होती. आणि माझ्या अनुभवात बहुतेक संस्थांना बुडवायला चोर लागत नाहीत, सोय पुरते. कोऱ्या धनादेशावर दोन सह्या करून ठेवायच्या, म्हणजे अध्यक्ष गावी गेले तरी अडत नाही. ही सोयच.

खोलीत थोडा वेळ शांतता होती. मग एक वयस्क संचालक, जे एरवी सभेत फारसे बोलत नाहीत, सोयाबीन आणि तुरीशिवाय दुसऱ्या विषयावर मी त्यांना ऐकलेले नाही, ते हळूच म्हणाले, “कोठीले रस्त्यावून दार कोन ठेवते रे बाबू?”

मुलाने वर पाहिले, आणि त्याला ते पटकन उमगले, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसले. वही आतल्या खणात गेली. पुण्याहून यायला एकच पहारा असलेली वाट ठेवली. तिथून जो येईल त्याची वेळ आणि नाव नोंदले जाईल. अशी नोंदवही नुसती शहाणपणाची गोष्ट राहिलेली नाही. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, आणि घरफोडी लक्षात आली की सहा तासांत कळवावे लागते. मागचे दारही घेतले. वर्षाच्या खर्चात त्याची एक ओळ वाढली, आणि मंडळाने ती समजून मंजूर केली. समजून, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

ज्या माणसाने आयुष्यात संगणकाला हात लावला नाही, त्याने त्या दिवशी सर्वांत उपयोगाचा तांत्रिक प्रश्न विचारला. याचे कारण तो प्रश्न मुळात तांत्रिक नव्हताच. कोणी कुठवर यावे हा घरकारभाराचा प्रश्न आहे. आपल्याकडे होते असे की इंग्रजी शब्दांची फैर झडली की अनुभवी माणसे गप्प बसतात आणि नकाशावर न वाचता सही करतात. मुलांना विद्या आहे, पण घर कशाने बुडते हे ज्याने पाहिले आहे त्याने तोंड उघडले पाहिजे.

वेशीच्या आत कोण, बाहेर कोण

एक आक्षेप मात्र मनापासून विचारात घ्यायला हवा. वेस, कोट, माजघर ही उदाहरणे मी कौतुकाने दिली. पण हे शब्द आपल्या समाजात निर्दोष नाहीत. वेशीने चोरांना बाहेर ठेवले तसे माणसांनाही ठेवले, आणि पिढ्यान् पिढ्या ठेवले. ओसरीपलीकडे कोणी यायचे नाही हे कामावरून नव्हे, जन्मावरून ठरत होते. भिंतीचा गौरव करताना हे विसरणे बरोबर होणार नाही.

म्हणून ढगातल्या भिंतीला दोन अटी घातल्या पाहिजेत. पहिली, प्रवेश कामावरून ठरावा, आणि काम संपले की संपावा. अध्यक्षांचा पुतण्या म्हणून कोठीची किल्ली नको, आणि नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाची किल्ली एक दिवसही चालू नको. दुसरी अट अधिक महत्त्वाची. भिंत चोरासाठी असावी, मालकासाठी नव्हे. कोठीतले धान्य संस्थेचे नाही, खातेदाराचे आहे. सातबारा शेतकऱ्याचा आहे, तपासणीचा अहवाल रुग्णाचा आहे. सुरक्षेचे नाव पुढे करून त्यालाच त्याची नोंद दाखवायची नाही, हे चालणार नाही. २०१८ पासून आपला जिल्हा देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. म्हणजे इथल्या आरोग्याचे, शाळांचे, शेतीचे आकडे सतत गोळा होऊन वर जात असतात. ज्या माणसांबद्दल एवढी माहिती साठते, त्यांच्यासाठी त्या माहितीकडे उघडणारी एक खिडकी असलीच पाहिजे. चांगल्या आराखड्यात भिंत आणि खिडकी दोन्ही असतात.

कायद्यानेही आता हा विषय संचालकांच्या दारात आणून ठेवला आहे. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती राखण्यात वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. “आमच्या संगणकवाल्याने केले, आम्हाला काय कळते” हे उत्तर तिथे पुरणारे नाही, आणि खातेदारासमोर तर ते कधीच पुरत नव्हते.

सभेत विचारायचे प्रश्न

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात. आपण सभासद म्हणून जातो, अहवालाची पाने चाळतो, लाभांश किती ते पाहतो आणि अल्पोपाहार करून परततो. पुढच्या सभेत चार प्रश्न विचारून पाहा. आमची नोंद ज्या यंत्रावर आहे त्याला इंटरनेटवरून थेट वाट आहे का? ओसरीतले यंत्र उद्या चोराच्या हाती गेले, तर तिथून तो आणखी कुठवर जाऊ शकेल? नोंदींची जादा प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या किल्लीखाली आहे का, आणि ती परत उतरवून पाहण्याची तालीम शेवटची कधी झाली? आणि चौथा, हा नकाशा संचालक मंडळातल्या एका तरी माणसाला पडद्याविना, कागदावर काढून दाखवता येईल का?

या प्रश्नांना इंग्रजी लागत नाही, पदवी लागत नाही. उत्तर देणारा गोंधळला तर रागवू नये. त्याला पुढच्या महिन्यापर्यंत वेळ द्यावा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. दवाखान्यात, शाळेत, बाजार समितीतही हेच प्रश्न चालतात. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले पुण्या-हैदराबादेत हीच घरे बांधण्याचे काम परक्यांसाठी करीत आहेत. सुटीत ती घरी आली की त्यांना पुरणपोळी वाढताना त्यांच्याकडून गावातल्या एखाद्या संस्थेचा नकाशा तपासून घ्यायला काय हरकत आहे?

माझ्या व्यवसायात एक गोष्ट मी पाहत आलो. अपहार उघडकीला येतो त्या दिवशी सगळे तिजोरीकडे धावतात. पण तिजोरी बहुधा शाबूत असते. बिघडलेली असते ती कोणाला कुठवर जाता येते याची शिस्त, आणि ती पुष्कळ आधी, कुणाच्या तरी सोयीसाठी बिघडलेली असते. ढगातले घरही याला अपवाद असणार नाही. ते बांधून व्हायला एक दुपार पुरते. त्याचे खण कसे पाडायचे यावर मात्र आणखी एक दुपार खर्च करावी, आणि त्या दुपारी घरातली जुनी माणसे शेजारी बसलेली असावीत.